उघडता येईल त्यानेच लावावं

दादाने ते कुलूप लावलं तेव्हा रविवारचे पावणेनऊ वाजले होते. खटका पडला आणि आवाज घरभर गेला. आता कुलपांच्या दुकानात खटक्याचं काय एवढं? दिवसाला पन्नास पडतात. पण हा खटका तीस वर्षांत कुणी ऐकला नव्हता, आणि तरीही घरातल्या प्रत्येकाने तो बरोबर ओळखला. स्वयंपाकघरात वहिनी, म्हणजे दादाची बायको, चहा गाळता गाळता थांबली. रात्रभर बसचा प्रवास करून आलेला तिचा मुलगा एका बुटाची लेस सोडून तसाच बसून राहिला. दादाची बहीण, मुलांची आत्या, जिन्यात होती, खालून तिसऱ्या पायरीवर. ती तिथेच टेकली.

"अण्णांचं कुलूप लावलं कुणीतरी," ती म्हणाली.

"वाऱ्याने लागलं असेल, वन्सं," वहिनी आतून म्हणाली. तिचा स्वतःचाच त्यावर विश्वास नव्हता.

"वारा कडी दाबून बसवतो होय गं, वहिनी?"

सगळे मागच्या कारखान्यात धावले. कारखाना म्हणजे दुकानामागची एक लांबट खोली. एक खिडकी, एक ठोकळ्यासारखं लाकडी टेबल, त्यावर वस्तू आवळून धरायचा व्हाइस, भिंतीला हिरवं लोखंडी कपाट. त्या कपाटात आत्याची सगळी हत्यारं: कानशी, चिमटे, आकडे, तारा, बेचाळीस वर्षांत तिने स्वतःच्या हाताने वाकवलेल्या. कपाटासमोर दादा उभा होता, हात मागे बांधून, शाळेत शिक्षा झाल्यासारखा. आणि कपाटाच्या कोयंड्यात अण्णांचं कुलूप लटकत होतं. बंद.

अण्णा म्हणजे दादाचे आणि आत्याचे वडील. शेवटच्या आजारात त्यांनी हे कुलूप बनवलं, उघडं ठेवून टेबलावरच्या खिळ्याला टांगलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "उघडता येईल त्यानेच लावावं." किल्ली काही कुणाला दिसली नाही. आठ दिवसांनी अण्णा गेले. तेव्हापासून कुलूप उघडंच. येणाऱ्या-जाणाऱ्याला आत्या ते कौतुकाने दाखवायची. "एकदा लावून बघ की," असं कुणी म्हटलं तर म्हणायची, "बघू. वेळ आहे अजून." ही बाई बँकेची दारं उघडून आलेली, पण या एका कुलपापुढे तिचं धाडस व्हायचं नाही. उघडलं नाही तर? हा प्रश्न तिने तीस वर्षं खिळ्याला टांगून ठेवला होता.

"दादा," आत्या म्हणाली, "हे तू केलंस?"

"हो. उद्या सकाळी साडेआठला हॉस्पिटलात तुझी खाट धरलीय. येते म्हण, म्हणजे कपाट उघडेल."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर हत्यारं आत राहतील. बघतो मी, तू कशी कानस चालवतेस ते."

गुरुवारी डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सगळ्यांनी ऐकलं होतं. पण या घरात एकच गोष्ट चार माणसं चार तऱ्हांनी ऐकतात, म्हणून पुन्हा सांगावी लागते. आत्याच्या आतड्यातून यकृतात गेलेला कॅन्सर बरा होणार नाही, हे दहा महिन्यांपूर्वीच कळलं होतं. सहा महिने सलाइनमधून औषध घेतलं, दुखणं जरा मागे सरलं. आता ते परत पुढे आलं होतं. तेच औषध पुन्हा घेतलं तर दोन, फार तर तीन महिने जास्त मिळतील. पण त्याने बोटांची टोकं बधिर होतात. आत्याची उजव्या हाताची तीन आधीच झाली होती. या खेपेला दहाही जातील. नाही घेतलं तर दुखण्यावरचं औषध चालूच राहील, आणि पाच-सहा महिने हिंडतं-फिरतं राहता येईल. "दोन्ही रस्ते बरोबर आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चालायचं तुम्हाला आहे."

दादाने ऐकलं, तीन महिने जास्त. आत्याने ऐकलं, दहा बोटं. त्यावर तिने विचारलं काय, तर "बधिरपणा टोकापासूनच का हो सुरू होतो? मधूनच का नाही?" डॉक्टरीणबाईंनी कागदावर नसा काढून दाखवल्या, लांब नसांना आधी त्रास का होतो ते समजावलं, आणि बाहेर पेशंट पंधरा मिनिटं ताटकळले.

खरं सांगायचं तर आजार कळल्यापासून बाई सुटलीच होती. हॉस्पिटलच्या लिफ्टमनशी गट्टी जमवून लिफ्टच्या खड्ड्यात उतरून आली. गळ्याच्या हाडाखाली जे औषध सोडायचं बटण बसवतात, तसलं एक मुदत संपलेलं नर्सकडून मागून आणलं आणि जेवणाच्या टेबलावर कापून सगळ्यांना दाखवलं. "बघा, एकाच बाजूने उघडतं. कोण हुशार माणूस असेल!" वहिनीला त्या दिवशी जेवण गेलं नाही. चौसष्टाव्या वर्षी तरणतलावावर जाऊन पाण्यावर नुसतं पडून राहायला शिकली, माणूस बुडत का नाही ते बघायला. आणि या सगळ्यातून वेळ काढून ती स्वतःचं कुलूप बनवत होती. आठ लिव्हरचं, पितळी. अण्णांसारखं, शेवटचं. चार महिन्यांचं काम होतं आणि त्यासाठी बोटं हवी होती. एवढीच तिची मागणी होती.

"बाबा, हा काय पोरखेळ!" मुलगा म्हणाला. हा हॉटेलांना कार्डाने उघडणारी कुलपं बनवून देणाऱ्या कंपनीत होता, म्हणून आत्या त्याला कार्डवाला म्हणायची. काल फोनवर तो आत्याच्या बाजूने होता, तिचं आयुष्य, तिचा निर्णय, वगैरे. "थांबा, कोपऱ्यावरच्या वेल्डरकडून ग्राइंडर आणतो. दोन मिनिटांचं काम."

वहिनीने फक्त बोट दाखवलं, दुकानाच्या पुढच्या दाराकडे. तिथे पन्नास वर्षांची पाटी होती: कुलूप न तोडता उघडून मिळेल.

"अगं आई, पण आपलंच कपाट आहे ना!"

"म्हणून काय झालं?" आत्या म्हणाली. "कार्डवाल्या, तू ग्राइंडर आण, मी आधी तुझे कान कापते."

तेवढ्यात दादाची मुलगी आली. ही हॉस्पिटलच्या औषधभांडारात फार्मासिस्ट, म्हणून आत्याची औषधवाली. शनिवारची रात्रपाळी करून ती थेट इथेच आली होती. रविवारी आत्याला पटवायचं, हे तिचं आणि बाबांचं आधीच ठरलेलं. तिने पिशवीतून कागदही काढले होते, कुठल्या औषधाने किती जणांना किती महिने, सगळं. कपाटाकडे बघून तिने कागद परत आत घातले.

"बाबा, हे आपलं ठरलं नव्हतं."

"तुझ्या कागदांनी ऐकणारी आहे का ती?"

"आणि हे उघडणार कसं? किल्लीच नाहीये याची!"

दादाने एकेकाकडे बघितलं. मग शर्टाच्या आत हात घालून बनियनच्या खिशातून एक कापडी पुरचुंडी काढली. करंगळीएवढी, दोऱ्याने घट्ट शिवलेली, घामाने काळी पडलेली.

"आहे," तो म्हणाला. "अण्णांनी मला दिली होती."

वहिनीने ही पुरचुंडी तीस वर्षं धुवायच्या बनियनमधून काढून दुसऱ्यात घातली होती. तिला वाटत होतं, कुठल्या तरी वैद्याचं औषध असेल. नवरा विचारू देत नव्हता आणि तिला विचारायची फारशी गरजही वाटली नव्हती. आता तिला तोच धुण्याचा पिळा नवऱ्याच्या गळ्यात घालावासा वाटला.

दादा पुरचुंडीचा दोरा सोडायला लागला तशी आत्या किंचाळली.

"दाखवू नकोस! दादा, खबरदार! खिशात घाल आधी!" आणि तिने दोन्ही तळहातांनी डोळे झाकून घेतले.

बाहेरच्या माणसाला हे वेड वाटेल. पण किल्ली एकदा डोळ्यांखालून गेली की संपलं. दातांची उंची, खाचा, सगळं तिच्या डोक्यात छापलं जाणार. परीक्षेच्या आधी उत्तर बघितल्यासारखं. तीस वर्षं भावाने आपल्यापासून किल्ली लपवली याचा राग नंतर, आधी किल्ली दिसता कामा नये.

"घातली," दादा पुटपुटला.

"नक्की?"

"घातली गं, खटपटे."

लहानपणापासून तो तिला खटपटे म्हणायचा. तिने हात काढले तेव्हा डोळे लाल होते.

"तीस वर्षं, दादा? एकदा सांगावंसं नाही वाटलं?"

"अण्णा म्हणाले होते, तिने लावलं आणि अडली, तर दे. तोवर सोडू नकोस, बघू नकोस, बोलू नकोस. तू कधी लावलंच नाहीस."

"आणि तू बघितलीही नाहीस? एकदासुद्धा?"

"नाही."

"कसला माणूस आहेस रे!" आत्या म्हणाली, आणि त्यात राग किती आणि नवल किती ते तिलाही सांगता आलं नसतं. "बरं, ऐक. पैज लावू. जेवायला बसेपर्यंत मी हे किल्लीशिवाय उघडलं, तर तू स्वतः फोन करून खाट सोडायची आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही. नाही उघडलं, तर उद्या साडेआठला मी खाटेवर. सुई टोचून घेईन, तोंडातून चकार शब्द काढणार नाही."

"वन्सं, हे काय भलतंच!" वहिनी म्हणाली.

"मान्य," दादा म्हणाला. त्याच्या खिशात किल्ली होती आणि तिची बोटं त्याने बघितली होती. गेल्या आठवड्यात चहाचा कप तिच्या हातातून सुटला तेव्हा तोच समोर होता.

तो पुढे जाऊन काउंटरवर बसला. रविवारी शटर खाली असतं, तरी बसला. आयुष्यभर तो याच स्टुलावर बसला होता. मशिनवर किल्ल्यांच्या नकला कापायच्या, पावत्या द्यायच्या, गिऱ्हाइकाला "आत दिलंय, उद्या या" म्हणायचं. आतलं काम त्याला कधी जमलं नाही आणि जमावं असं वाटलंही नाही. अण्णांनी दुकान त्याच्या नावावर केलं तेव्हा आत्या काही बोलली नव्हती. पण ती चार दिवस गप्प होती हे त्याला आठवत होतं. मग अण्णांनी त्याला एकट्याला बोलावून पुरचुंडी दिली. त्याला वाटलं, उत्तरसुद्धा मलाच दिलं यांनी. तिला काय राहिलं? आणि मग त्याला भीती बसली. हिने कुलूप लावलं, उघडलं, की हिचं इथलं काम संपलं. मोठमोठ्या कंपन्या तिला बोलावत होत्या. ती जाईल. ती जाऊ नये, एवढंच त्याला हवं होतं. तेव्हाही आणि आताही.

आत हत्यारांची बोंब होती. सगळी कपाटात.

"कार्डवाल्या, तुझी छत्री दे," आत्या म्हणाली.

"नवीन आहे गं!"

"मी जुनी होत चाललेय. दे."

छत्रीची एक काडी मोडून व्हाइसमध्ये वाकवली, ती कुलपाला हलका ताण द्यायला. पण लिव्हर उचलायला बारीक, कडक, टोकाला आकडा असलेलं काही हवं होतं. हेअरपिन वाकल्या. सेफ्टीपिन वाकली. वहिनी दारात उभी राहून बघत होती. सकाळपर्यंत ती नवऱ्याच्या बाजूची होती. तिलाही वन्सं हव्या होत्या, जितके मिळतील तितके महिने. पण नवऱ्याने खोटेपणा केला होता, तोही तिने धुतलेल्या बनियनमधून. ती आत गेली आणि परत आली ती स्टीलची क्रोशाची सुई घेऊन. अर्धवट विणलेला टेबलक्लॉथ अजून तिला लोंबत होता. कात्रीने तिने दोरा कापला.

"घ्या, वन्सं. वाकवू नका फक्त."

"वहिनी, गेल्या जन्मी तू चोर होतीस."

आत्या स्टुलावर बसली, डावा कान कुलपाला लावला, काडीने ताण दिला आणि सुई आत घातली. कुलपात सात लिव्हर होते, सात पितळी पट्ट्या, एकापुढे एक. प्रत्येक आपल्या नेमक्या उंचीपर्यंत उचलली की ती बसते, आणि ते बसणं बोटाला कळावं लागतं. केसाएवढं कमी नाही, केसाएवढं जास्त नाही. पहिला लिव्हर तिने उचलला. उचलला, उचलला, आणि आत काहीतरी टक् करून अडकलं. सुई हलेना.

"आयला, अण्णांनी यात जास्तीचा खटका घातलाय!" तिचा चेहरा उजळला. "जास्त उचललं की रुसतं. सगळं बंद."

"मग?" कार्डवाला म्हणाला.

"मग उलटं फिरवायचं." तिने काडी उलट्या बाजूला वळवली, टक्, सुटलं. "समजूत काढली की परत बोलतं. अण्णाच बसलेत आत. जेवताना कुणी घाई केली की ताट सरकवायचे, आठवतं ना, वहिनी?"

"आणि आपण गप्प बसलो की दोन मिनिटांनी स्वतःच ओढून घ्यायचे."

पण दुसऱ्यांदाही तसंच झालं. तिसऱ्यांदाही. सहाव्यांदा आत्याने सुई काढली, उजवा हात डाव्यात धरला आणि बोटांची टोकं अंगठ्याने चोळत बसली. डाव्या हाताने करून बघितलं, तो ताण धरायला शिकलेला, उचलायला नाही. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून गेले होते.

"कळतच नाहीये गं मला," ती म्हणाली. "कुठे बसतं ते कळत नाही. मोजे घातल्यासारखं वाटतंय."

दहा महिन्यांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर भीती दिसली. मरणाची नव्हती ती. मरणाबद्दल तिचे डॉक्टरांना इतके प्रश्न विचारून झाले होते की त्याच्याशी तिची जवळजवळ ओळख झाली होती. ही भीती खिळ्यावरची होती, तीस वर्षं जुनी. उघडलं नाही तर?

औषधवालीने हे बघितलं. औषधभांडारात ती बाटल्यांवरचे आकडे बघायची, पेटीत भरून वॉर्डात पाठवायची. ते औषध ज्या बोटांत उतरतं ती बोटं ती आज इतक्या जवळून बघत होती. लहानपणी याच टेबलावर पाय लोंबकळवून ती आत्याकडे लिव्हर मोजायला शिकली होती, बाबांनी अभ्यासाला म्हणून उठवून नेईपर्यंत.

"आत्या," ती म्हणाली, "माझी बोटं घे."

"म्हणजे?"

"मी सुई धरते. मला काय वाटतं ते सांगते. तू सांग, काय करायचं."

पुढून दादाचा आवाज आला, म्हणजे तो सगळं ऐकत होता. "पैज तिच्याशी आहे! तिने उघडायचंय!"

"डोकं त्यांचंच आहे ना!" वहिनी ओरडली. "हात उसने घेतले म्हणून काय झालं? तुम्ही तर अख्खा जन्म माझ्या हातचं जेवलात, पोट कुणाचं भरलं?"

औषधवाली बसली. आत्याने तिच्या मनगटावर हात ठेवला. "डोळे मीट. ताण एवढासाच, चिमणी बसेल इतका. आता सगळ्यात पुढचा उचल. काय वाटतं?"

"मऊ आहे. उचलला जातोय... जातोय... आता जरासा जड झाला."

"थांब! तिथेच. सोड. तो बसला. पुढचा."

"हा सैल आहे एकदम."

"अजून उचल. घाई नको."

"खरखरतोय, आत्या. वाळूसारखा."

"खरखरतोय?" आत्या पुढे झुकली. "म्हणजे खाच मुद्दाम खडबडीत ठेवलीय. फसवायला. खरखर संपेपर्यंत जा. काय डोकं चालवलंय म्हाताऱ्याने! पुढे, पुढे काय?"

आता तिच्या आवाजात भीती नव्हती. दोघी मान खाली घालून बसल्या आणि बाकीच्यांना विसरल्या. कार्डवाला आधी दाराशी होता, मग टेबलापाशी आला, मग गुडघ्यावर बसून मोबाइलचा उजेड दाखवायला लागला. "बंद कर ते, डोळ्यांनी नाही उघडत हे," आत्या म्हणाली, तसा त्याने तो बंद केला, पण हलला नाही. रोज कार्डांवर काम करणाऱ्या त्या माणसाला पहिल्यांदाच वाटलं, आत काय चाललंय ते आपल्यालाही कळायला हवं.

सहा लिव्हर सापडले. चौथा मात्र हात लावू देईना. सुई टेकली की टक्, रुसला. उलटं फिरवायचं, सहा परत बसवायचे, चौथ्याला टेकवायचं, टक्. चारदा झालं. बारा वाजून पंचवीस मिनिटं. वहिनीला स्वयंपाक करायचा होता, ती मुद्दाम करत नव्हती. एक वाजला तरी मी पानं घेणार नाही, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

"चौथा," आत्या स्वतःशीच म्हणत होती. "चौथा... वहिनी, अण्णांच्या शर्टाला बटणं किती असायची?"

"हे काय मध्येच? सात."

"आणि लावायचे किती?"

"सहा. मधलं उघडं ठेवायचे. तिथून आत हात घालून चष्म्याची डबी ठेवायचे. किती वेळा सांगितलं, की..."

वहिनी बोलता बोलता थांबली. आत्या हसायला लागली होती.

"कितवं बटण, वहिनी?"

"चौथं," वहिनी म्हणाली.

"त्याला हात लावू नकोस, पोरी. तो आहे तसाच बरोबर आहे. बाकीचे सहा लाव आणि ताण दे."

औषधवालीने सहा लावले. एक, दोन, तीन. चौथा सोडला. पाच, सहा, सात. छत्रीची काडी वळवली. काही झालं नाही. आणखी जराशी वळवली. मग आत सगळं एकदम सरकलं, तिच्या बोटांत, मनगटात, आत्याच्या हातात, आणि कडी उसळून वर आली.

औषधवाली ओरडली. कार्डवाल्याने तिला मिठी मारली, मग आईला, मग काय करावं न सुचून व्हाइसला. आत्या मात्र उघडं कुलूप तळहातावर घेऊन बसून राहिली. "बटण," ती म्हणाली. "बटण ठेवलं त्यांनी आत." मग तिला रडू फुटलं आणि ते तिने पुसलंही नाही.

दादा दारात आला होता. त्याने कुलूप बघितलं, घड्याळ बघितलं, आणि खांदे पाडले.

"करतो फोन," तो म्हणाला.

"ते नंतर. आता दाखव. आता दाखव मला ती किल्ली, दादा. जुळवून बघू दे."

पुरचुंडीचा दोरा सुटेना. तीस वर्षांच्या घामाने तो दगड झाला होता. वहिनीने क्रोशाचा दोरा कापलेल्या कात्रीनेच तो कापला. कापडातून किल्ली टेबलावर पडली. सगळे वाकले.

दात नव्हते. एकही खाच नव्हती. गुळगुळीत, सपाट, पितळी. दुकानात भिंतीवर शेकड्याने टांगलेल्या असतात तशी, न कापलेली कोरी किल्ली.

दादाने ती उचलली, उलटसुलट केली. असल्या किल्ल्या त्याने आयुष्यात हजारोंनी मशिनवर चढवल्या होत्या.

"म्हणजे..." तो म्हणाला, "ती हो म्हणाली असती, तर मी उघडणार कशाने होतो?"

कार्डवाला फिस्कन हसला. मग वहिनी. मग आत्या इतकी हसली की तिला खोकला आला आणि औषधवालीने पाठ चोळली. दादा मात्र खाली स्टुलावर बसला.

"मी समजत होतो, त्यांनी उत्तर मला दिलं. तुझं उत्तर, माझ्या खिशात. तुला सांगायची लाज वाटायची गं. आणि भीतीही वाटायची, तू जाशील म्हणून." त्याने किल्लीवरून अंगठा फिरवला. "अजून तेच वाटतंय. तीन महिने तीन महिने करतोय मी, पण मला काय, तीस दिले तरी पुरायचे नाहीत."

आत्याने त्याच्या हातातली किल्ली घेतली नाही. त्याची मूठच तिच्यावर मिटवली आणि वर आपला हात ठेवला. तीन बोटांना काही कळत नव्हतं, पण तळहाताला कळत होतं.

"अरे, उत्तर दिलंच नाही त्यांनी कुणाला. अडलीस तर स्वतः काप, एवढंच म्हणाले. पण सांभाळायला तुला दिली. न बघता तीस वर्षं सांभाळणारा दुसरा कोण मिळाला असता त्यांना? मी तर पहिल्याच रात्री पुरचुंडी उसवली असती."

"ते खरं," वहिनी म्हणाली.

दादाने नाक पुसलं. किल्ली औषधवालीच्या हातात ठेवली आणि उठून फोन केला. खाट नको, पेशंटने ठरवलंय, हो, दुखण्यावरच्या औषधासाठी गुरुवारी येऊ, असं सगळं एका दमात सांगितलं. वहिनी स्वयंपाकाला लागली. आत कपाटाचं दार उघडलं, औषधवालीने कोरी किल्ली व्हाइसमध्ये धरली, आत्याने तिच्या हातात बारीक कानस दिली आणि पहिली खाच कुठे मारायची ते खडूने दाखवलं. शेजारीच आत्याचं अर्धवट पितळी कुलूप पडलं होतं.

दादा फोनपाशी घुटमळला. काउंटरकडे जाण्याऐवजी त्याने आपलं स्टूल उचललं आणि आतल्या टेबलापाशी आणून ठेवलं. इतक्या वर्षांत ते स्टूल त्या उंबऱ्याच्या आत पहिल्यांदा आलं होतं.

"तुझ्या या कुलपाची किल्ली कुणाला देणार?" त्याने विचारलं.

"तुलाच."

"मी या खेपेला बघणार हं. पुरचुंडी-बिरचुंडी काही चालणार नाही."

"बघ ना रे. बघच."

त्याने अण्णांचं कुलूप हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, किल्लीच्या भोकातून आत बघायचा प्रयत्न केला. आत अंधार होता.

"खटपटे," तो म्हणाला, "लिव्हर म्हणजे नक्की काय असतं गं?"

आत्याने चष्मा पुसला आणि कागद पुढे ओढला.

"बस, सांगते," ती म्हणाली. "वेळ आहे अजून."